पडद्यावरचं प्रेम खरं असतं का? तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ (सांगली)

२०१६ साली 'सैराट' आला तेव्हा वडिलांना घेऊन रात्रीच्या शोला गेलो होतो. वडील वायरमन, सिनेमाचा नाद नाही. शेवट आठवत असेल: आर्चीचा भाऊ माणसं घेऊन हैदराबादला येतो, आईनं दिलेला आहेर पुढं ठेवतो, आर्ची-परशा त्यांना चहा देतात. मग शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लहान मूल घरी येतं, रक्तात पाय भरतात, आणि पडद्यावरचा आवाज पूर्ण बंद. दोन तासांपूर्वी शिट्ट्या मारणारं थेटर जागचं हललं नाही. आयर्विन पुलावरून परत येताना वडील गाडीवर मागं बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. घरी चप्पल काढताना म्हणाले, "चहा केला होता रे पोरीनं त्यांना."

जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीला मारल्याच्या अशा बातम्या वडील आयुष्यभर पेपरात वाचत आले आणि पान उलटत आले. बातमीत चहाचा कप येत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की माणसांमधलं प्रेम खरंखुरं दाखवायची जी ताकद सिनेमात आहे ती दुसऱ्या कशात नाही. सगळे शेवटाबद्दल बोलतात, मला मधला भाग त्याहून खरा वाटतो. झोपडपट्टीतली ती खोली, परशाचा संशय, त्यानं तिच्यावर उचललेला हात, तिचं निघून जाणं, परत येणं. पळून गेलेल्यांचा संसार एवढा वेळ काढून कुणी दाखवतो का? नागराज मंजुळेंनी दाखवला, आणि नायक चुकला तिथं त्याला सांभाळून घेतलं नाही.

तासगावचा बाप

दादा, तुमच्या वडिलांचं मन मुळातच मऊ असणार, श्रेय तुम्ही सिनेमाला देताय. मी बघितलं ते वेगळं. पोरं गाण्याला पडद्यापुढं जाऊन नाचली आणि शेवट थेटरातच ठेवून घरी गेली. त्यानंतर गावोगावच्या वरातीत 'झिंगाट' वाजायला लागलं. ज्या वरातीत ते वाजतं, त्यातलं लग्न जात, पोटजात, पत्रिका बघूनच ठरलेलं असतं. मग कुणाचं काय बदललं?

आमच्या गल्लीतली एक मुलगी सतराव्या वर्षी घर सोडून गेली. तिची आई आमच्या द्राक्षबागेत थिनिंगला यायची. हातात कात्री धरून ती एकाच घडापुढं उभी राहायची, बाकीच्या बाया ओळ संपवून पुढं जायच्या. मुलगी आठ महिन्यांनी परत आली, पण त्या आठ महिन्यांवर सिनेमा कुणी काढला? पडद्यावर आईबाप एकतर वैरी, नाहीतर कोपऱ्यात रडणारे. लेकीवर जीव आहे आणि भीतीनं झोप येत नाही, असा बाप मला अजून दिसला नाही. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. जातीसाठी मी तिच्या आड कधी येणार नाही, हे इथं लिहून देतो. पण प्रेम म्हणून तिला आधी गाणी दाखवायची आणि खरं काय ते शेवटी सांगायचं, हे मला पटत नाही.

विंगेतून

काकांच्या बाजूनं आहे, कारण वेगळं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' नाटक केलं, त्या गावात वाढलोय, हौशी नाटकं करतो. रंगमंचावर दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की ऐकणारा कसा ऐकतोय तेही प्रेक्षक बघू शकतो. सिनेमात मी कुठं बघायचं ते दुसरंच कुणी ठरवतं, आणि नको तो क्षण कापून टाकतं. कापाकापी करून जमवलेला जिव्हाळा मला पूर्ण खरा वाटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, घाबरलेला बाप मला लगेच आठवेना, पण घाबरलेला आजोबा आहे. २००४ चा 'श्वास'. नातवाला डोळ्यांचा कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार पण दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर घेऊन जातो, जग एकदा डोळे भरून बघून घे म्हणून. आणि विंगेतून, तुमच्या नाट्यगृहात विसाव्या रांगेतल्या माणसाला त्या आजोबाचे डोळे दिसले असते का हो?

तासगावचा बाप

बघितलाय. रडलोय. पण आजा-नातवाच्या प्रेमाला गावात कोण नाव ठेवतं? जिथं लोक बोट दाखवतात तिथलं खरं बोललात तर मानू.

विट्याची सून

काका, लोक बोट दाखवतात तिथलंच सांगते. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी चित्रपटांच्या गटातलं मोठं बक्षीस मिळालं तो. वडील वारल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. भावकी लग्नाचं टुमणं लावते, आणि त्याचा जीव लहानपणच्या मित्रावर, दुसऱ्या पुरुषावर. त्याच्या आईला ते ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. तुम्ही बाप शोधताय, इथं आई आहे बघा. मागं संगीत नाही, कॅमेरा एका जागी थांबून राहतो. मी सासूबाईंबरोबर बघितला. त्या मधे उठून जातील असं वाटलं होतं, गेल्या नाहीत. नंतर एवढंच म्हणाल्या, "आई चांगली हाय त्याची."

पण कृष्णाकाठदादा, तुमचंही सगळं पटलं नाही. तुम्ही सांगितलं त्या दोन्ही गोष्टींत काहीतरी मोठं घडतं, कुणी मरतं, कुणाचे डोळे जातात. आमच्या खानापूर तालुक्यातली किती घरं गलाईवर चालतात ते सांगलीकरांना माहीतच आहे. माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. माझे मालक तमिळनाडूत, मी इथं. रात्री मी भाकरी थापायला बसले की फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. तिकडं त्यांनी मूस तापत ठेवलेली असते, भट्टीचा आवाज येत असतो. बोलायला काही उरलेलं नसतं. कधी ते म्हणतात, "करपतीय बघ." मी उलटते. अकरा वर्षं आमचा संसार असा चाललाय. यात ना गाणं, ना भांडण, ना कुणाचा विरोध. हे दाखवायला कुणी दहा मिनिटं कॅमेरा लावून बसेल का?

विंगेतून

ताई, हे मला रंगमंचावरही जमणार नाही. भाकरी करपल्याचं त्यांना तिकडून कळतं, ते दाखवायला पडदाच लागेल. माझं मघाचं म्हणणं तेवढ्यापुरतं मागं घेतो.

तासगावचा बाप

मी माझं मागं घेत नाही. वरातीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पण ताई, तो सुतकाचा सिनेमा बघतो. आधी एकटा बघीन, मग मुलीला दाखवायचा का ते ठरवीन.

कृष्णाकाठ (सांगली)

वरातीचं उत्तर माझ्याकडे नाही, काका. चुलतबहिणीनं जातीबाहेर लग्न केलं, घरातलं कुणी गेलं नाही. महिन्याभरानं वडील एकटे गेले, दोन तास बसून आले. सिनेमामुळं गेले का, विचारायचं धाडस मला झालं नाही.

विट्याची सून

विचारा की दादा, वडील आहेत तोवर. मी उठते, फोन वाजतोय.