उरलेला चॉकलेट केक गल्लीतल्या कुत्र्यांना घालावा का?

मूळ मत (सेमिनरी हिल्सजवळील रहिवासी)

नागपुरातील फुटाळा तलावाच्या काठावर रात्री बारा वाजता वाढदिवस साजरे होतात आणि उरलेल्या केकचा डबा तिथल्याच कुत्र्यांपुढे रिकामा केला जातो. देणाऱ्याच्या मनात दयाच असते, याविषयी मला शंका नाही. परंतु कोकोला कडवटपणा देणारा थिओब्रोमाइन हा उत्तेजक घटक कुत्र्याच्या यकृताला लवकर निकालात काढता येत नाही. माणसाच्या रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारण ७ ते ८ तास लागतात. कुत्र्याच्या बाबतीत तोच काळ सुमारे १७ तासांचा असतो. ओकाऱ्या, जुलाब, बेचैनी, हृदयाचे वाढलेले ठोके आणि मात्रा मोठी असल्यास झटके, असा तो त्रास वाढत जातो, आणि त्यावर खास उतारा उपलब्ध नाही. म्हणून चॉकलेट केक कुत्र्यांना मुळीच घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (प्रतापनगर)

मी असहमत आहे. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅम थिओब्रोमाइन पोटात गेल्यावर सौम्य लक्षणे दिसतात, ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम होतो आणि ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. १५ किलोच्या कुत्र्यासाठी पहिली पायरी ३०० मिलिग्रॅमची झाली. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम धरले, तर त्याला १५० ग्रॅम खावे लागेल; पांढऱ्या चॉकलेटमध्ये तर हा घटक जवळजवळ नसतोच. एका घासाला विष म्हटले की त्याचे परिणाम भलतीकडेच होतात. आमच्या सोसायटीत याच भीतीचा आधार घेऊन, कुत्र्यांना शिळी पोळी घालणेसुद्धा बंद करा, अशी मागणी पुढे आली आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

दादा, आपला हिशेब बरोबर आहे, पण आपण त्यासाठी सर्वांत सौम्य चॉकलेट निवडले आहे. गडद चॉकलेटमध्ये हेच प्रमाण ग्रॅममागे ५ ते १० मिलिग्रॅम, तर कोको पावडरमध्ये २० मिलिग्रॅमच्या घरात असते. केकमध्ये ४० ग्रॅम पावडर घातली असेल, तर त्या एका केकमध्ये ८०० मिलिग्रॅम थिओब्रोमाइन आले. चार किलोच्या पिलाला त्रास होण्यास ८० मिलिग्रॅम, म्हणजे त्या केकचा दहावा हिस्सा पुरतो. शिवाय फुटाळ्यावर कोणी सारखे वाटे करून वाढत नाही. ज्याच्या अंगात जोर असतो, तो कुत्रा अख्खा डबा फस्त करतो.

प्रतिसाद २ (धंतोली, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका)

माझा आक्षेप वेगळा आहे. "चॉकलेटमध्ये ब्रोमीन घालतात, म्हणून कुत्री मरतात," असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते खोटे आहे. नावात साम्य असले, तरी थिओब्रोमाइनमध्ये ब्रोमीनचा अणूही नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने कोकोच्या झाडाला ग्रीक शब्दांवरून थिओब्रोमा, म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले आणि १८४१ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ व्होस्क्रेसेन्स्की यांना कोकोच्या बियांत सापडलेल्या या पदार्थालाही त्यावरूनच नाव मिळाले. कॅफिनचा तो सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा आहे. सकाळच्या चहातील कॅफिनचा काही भाग आपल्या शरीरात थिओब्रोमाइनमध्येच बदलतो. मूळ मतातील "उतारा नाही" या शब्दांमुळे मात्र मला काळजी वाटते. ते वाचून एखादा माणूस हातपाय गाळून घरीच बसेल. वेळ न दवडता पशुवैद्यांकडे नेल्यास ते ओकारी करवून, विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा देऊन आणि ठोक्यांवर लक्ष ठेवून कुत्र्याला वाचवू शकतात.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे पुन्हा उत्तर

ताई, पशुवैद्यांविषयीचे आपले म्हणणे मला पूर्ण पटते. चार किलोच्या पिलाचा विचार मी केला नव्हता, हेही कबूल करतो. यापुढे केक माझ्या हातून दिला जाणार नाही. परंतु सोसायटीच्या बैठकीत पोळी बंद करण्याचा ठराव आला, तर मी त्याला विरोधच करीन, कारण पोळीत कोको नसतो आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या मुक्या जिवांना पोळीपाण्याचा तेवढाच आधार असतो.