मदत हवी आहे: सोसायटीतल्या जुन्या गुलमोहराची छाटणी. काम घ्यावं की नाही?

हिरवळ_नाशिक:
नमस्कार मंडळी. नाशिकला माझं बाग देखभालीचं छोटं काम आहे. लॉन, डुरांट्याची कुंपणं, कुंड्या, ठिबक, बस. हाताखाली दोन माणसं, दोघंही वयानं माझ्याहून मोठी आणि झाडावर चढण्यात पटाईत.

आता एका सोसायटीनं पावसाळ्याआधी गुलमोहर "मोकळा" करून मागितला आहे. झाड साधारण तीन मजले उंच. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर दोन खोडं फुटलीत, एक पार्किंगवर झुकलंय, दुसरं रस्त्याकडे. रस्त्याच्या बाजूला खांबावरून उघड्या तारा जातात, वरच्या फांद्या त्यांना जवळपास टेकल्यात. अध्यक्षांचं म्हणणं, "वरून बोडकंच करून टाका, म्हणजे दोन-तीन वर्षं कटकट नाही. परवानगी कसली, झाड आपल्याच आवारात आहे."

पैसे चांगले आहेत आणि पुढे असली कामं मिळत राहतील, म्हणून मोह होतोय. चेनसॉ घेतलेली आहे, पण आजवर पडलेली लाकडं जमिनीवर कापण्यापलीकडे वापरलेली नाही. हार्डवेअरच्या दुकानात कमरेचा सेफ्टी बेल्ट मिळतो तो पुरेल का? शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवतात ते कितपत बरोबर? तारांचं काय करायचं? आणि माणसाला काही झालं तर जबाबदारी कोणाची? जाणकारांनी सविस्तर सांगावं, "करू नकोस" एवढंच नको.

दोरखंड:
सविस्तरच सांगतो, पुण्यात हेच काम करतो. पण आधी तुम्ही मला सांगा. सगळे जण झाडाकडे वर बघतात, तुम्ही खाली बघा. बुंध्यापाशी माती उचलली गेलीये का, भेगा आहेत का, मुळांवर अळंबीसारखं काही उगवलंय का, सोसायटीनं फरशी घालताना किंवा पाइपलाइन टाकताना एखाद्या बाजूची मुळं तोडलीत का? लाकडी हातोडीनं बुंधा चहूबाजूंनी ठोकून बघा, पोकळ भाग ढब्ब वाजतो. आणि दोन खोडं फुटतात तो बेचका नीट बघा. इंग्रजी यू सारखा रुंद असेल तर बरं. व्ही सारखा चिंचोळा असून मधे साल आत दबलेली दिसली, तर ती दोन खोडं एकमेकांना नुसती टेकून उभी आहेत, जुळलेली नाहीत असं समजा. गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ, त्यात असा बेचका असला की वादळात तिथूनच फाटतो.

हे कळेपर्यंत भाव ठरवू नका.

शिडीचं मात्र आत्ताच सांगतो. शिडीवर उभं राहून चेनसॉ नाही म्हणजे नाही. शिडी ज्या फांदीला टेकवली ती फांदी पुढचं वजन गेलं की वर उसळते आणि शिडी निसटते. किंवा कापलेला ओंडका घड्याळाच्या लंबकासारखा मागे येऊन शिडीलाच धडकतो. मशीन दोन्ही हातांत, म्हणजे धरायला हात नाही. पुढचं सांगायला नको.

कमरेचा बेल्ट पुरणार नाही. त्यात लटकलेल्या माणसाचा सगळा भार पोटावर आणि पाठीच्या कण्यावर येतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, त्यावर आयएस 3521 असा शिक्का बघून. पण हेही लक्षात ठेवा, बांधकामावरचा हार्नेस पडलेल्या माणसाला झेलण्यासाठी असतो. त्यात बसून झाडावर काम करता येत नाही. झाडावर चढणाऱ्यांचा हार्नेस वेगळा, कमरेला दोन्ही बाजूंना कड्या आणि मांडीला पट्टे असलेला. करवत चालवताना आपण नेहमी दोन ठिकाणी बांधलेले असतो, एक वरून येणारा दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा आखूड पट्टा. पट्ट्याच्या आत पोलादी तार असलेली बरी, कारण नायलॉनचा दोर साखळी लागताक्षणी तुटतो.

मुंबैकर_७:
किती बाऊ करायचा तो! आमच्याकडे माणूस येतो, अनवाणी, कमरेला कोयता, सरसर वर जातो आणि तासाभरात झाड मोकळं. हेल्मेट नाही की हार्नेस नाही.

दोरखंड:
@मुंबैकर_७ त्या माणसाच्या कौशल्याला सलामच आहे. पण तो नारळ उतरवतो किंवा मनगटाएवढ्या फांद्या तोडतो, एका हातानं खोड धरून दुसऱ्या हातानं कोयता. इथे मांडीहून जाड फांदी, खाली गाड्या आणि हातात मशीन. दोन्ही कामांना "चढणं" हा एकच शब्द आहे म्हणून ती सारखी होत नाहीत. शिवाय जो पडतो तो पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही, त्यामुळे तुम्हाला सगळे न पडलेलेच दिसतात.

निवृत्त_वायरमन:
तारांचं मी सांगतो, आयुष्य खांबावर गेलंय.

तुम्ही म्हणता त्या उघड्या तारा घरगुती लाइनच्या असतील तर एलटी, म्हणजे कमी दाबाची लाइन, 415 व्होल्ट. वर आडव्या पट्टीवर मोठ्या चिनी मातीच्या चिमण्या (इन्सुलेटर) दिसत असतील तर एचटी, म्हणजे उच्च दाबाची, 11 किंवा 22 हजार व्होल्ट. दुसऱ्या प्रकारात तारेला हात लागायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं की वीज उडी मारते. ओली फांदी वीज वाहते, ओला बांबूही वाहतो. "बांबूनं फांदी ढकलतो" म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

महावितरणच्या तुमच्या भागातल्या शाखा कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि छाटणीसाठी लाइन बंद मागा. त्या दिवशी वायरमन जागेवर आला पाहिजे. त्यानं लाइन बंद केली, तपासली, अर्थिंग केलं (बंद तारा जमिनीला जोडल्या) आणि तोंडानं "चढा" म्हणाला की मग चढायचं. फोनवर "बंद केलीय" ऐकून चढायचं नाही. अर्थिंग कशासाठी? शेजारच्या दुकानदारानं जनरेटर लावला आणि त्याचं चेंजओव्हर (लाइन तोडून जनरेटर जोडणारा स्विच) नीट नसलं, तर बंद लाइनमध्ये उलटा करंट येतो. माणसं अशानं गेलेली मी पाहिली आहेत. काम संपलं की सगळी माणसं खाली मोजून घ्या, मगच लाइन चालू करायला सांगा.

फांदी चालू तारेवर पडलीच तर कोणी जवळ जायचं नाही. जवळ असाल तर पाय न उचलता, जमिनीला घासत लहान लहान पावलांनी लांब व्हा.

हिरवळ_नाशिक:
सगळ्यांचे आभार. काल जाऊन बघून आलो. तारा एलटीच आहेत, चार. बेचका चिंचोळाच आहे, मधे सालीची काळी रेघ खाली हातभर उतरलीये. आणि बुंध्याला पार्किंगच्या बाजूनं, जमिनीलगत, एक तळहाताएवढी लाकडासारखी कडक चकती आली आहे. वरून तपकिरी-लालसर, पॉलिश केल्यासारखी चकचकीत, कडा पांढरी. आजूबाजूच्या फरशीवर कोकोसारखी भुकटी पसरली होती, आधी मला धूळच वाटली. वॉचमन म्हणाला दरवर्षी येते, तो लाथेनं उडवून टाकतो. झाड मात्र हिरवंगार आहे, फुलंही भरपूर.

सावली_ताई:
वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. वर्णनावरून हे गॅनोडर्मा दिसतंय. ही बुरशी मुळांचं आणि बुंध्याचं लाकूड आतून कुजवते. चकती हे फक्त तिचं फळ, खरा पसारा आत असतो, तेव्हा लाथ मारून काही साधत नाही. ती भुकटी म्हणजे बीजाणू. पानं हिरवी आहेत यावर जाऊ नका. पाणी वाहणारा बाहेरचा थर शाबूत असेपर्यंत झाड फुलत राहतं, आणि एक दिवस हिरव्या पानांसकट मुळापासून आडवं होतं.

"बोडकं करा" या मागणीला नकारच द्या. वरून सरसकट छाटलं की झाड उरलेली शक्ती खर्चून झाडूसारखे धुमारे फोडतं. ते सालीलगतच्या थरातून फुटतात, जुन्या फांदीसारखे लाकडात रुतलेले नसतात. दोन-तीन वर्षांत जड होतात आणि मोडतात. म्हणजे अध्यक्षांची कटकट जाणार नाही, वाढेल. निरोगी झाडाचीही एका वर्षात पाव भागाहून जास्त पालवी काढू नये असा संकेत आहे, आजारी झाडाला तर त्याहून कमी.

परवानगीबद्दल: नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा राज्याचा कायदा आहे आणि तो खाजगी आवारालाही लागू आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे सोसायटीनंच अर्ज करायचा. त्यात बुंध्याचे, चकतीचे आणि बेचक्याचे फोटो जोडा. झाडाचं वय पन्नास वर्षं किंवा जास्त असेल तर 2021 च्या दुरुस्तीनुसार ते वारसा वृक्षात मोडतं, तेव्हा जुन्या रहिवाशांना विचारून घ्या.

आणि आत्ता मे आहे, कावळ्यांची घरटी बघा. अंडी-पिल्लं असलेलं घरटं मोडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

दोरखंड:
ताईंनी सांगितलं ते पक्कं धरा. या झाडावर कोणी चढायचं नाही, मीसुद्धा चढणार नाही. चढणाऱ्याचा दोर ज्या खोडाला बांधायचा त्याचाच भरवसा नसेल तर हार्नेस कितीही भारी असून उपयोग नाही. बकेटवाली लिफ्ट भाड्यानं मिळते, ती लावून वजन कमी करायचं. झाड ठेवायचं की काढायचं ते उद्यान विभाग ठरवेल.

लिफ्टमधून कापतानाची पद्धत बाकीच्या झाडांनाही उपयोगी पडेल. जाड फांदी एका घावात कापली की ती खाली कलताना खोडाची साल लांबपर्यंत सोलत नेते. म्हणून पहिला काप खालून, खोडापासून हातभर लांब, जाडीच्या पाव हिश्शापर्यंत. दुसरा काप वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी पडली की उरलेला खुंट तिसऱ्या कापानं काढायचा. तो कुठे? फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर, सुरकुतलेला कंगोरा असतो, त्याच्या लगेच बाहेर. कंगोरा कापायचा नाही आणि खुंटीही ठेवायची नाही. त्या कंगोऱ्यातूनच झाड जखम गुंडाळून घेतं. वर डांबर, ऑइल पेंट फासू नका.

चेनसॉच्या पात्याचं टोक, त्यातही टोकाचा वरचा कोपरा, कशाला लागला तर मशीन चेहऱ्याकडे उसळते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून डाव्या हाताचा अंगठा दांड्याभोवती वळलेला, चेनब्रेक रोज तपासलेला आणि मशीन खांद्याच्या वर कधीच नाही. हेल्मेट, जाळी, कानाचे मफ आणि चेनसॉची खास पॅंट. त्या पॅंटच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, साखळी लागली की ते ओढले जाऊन चाकात गुंततात आणि मशीन जागीच अडते. जीन्सनं हे होत नाही. तुमची मशीन इतके दिवस जमिनीवर चालवताना पॅंट नसेल तर पहिली खरेदी ती.

लीड्सचा_पाटील:
इंग्लंडमध्ये झाडांच्या कामावर आहे. इथे चढणं आणि चेनसॉ या दोन्हीच्या वेगवेगळ्या परीक्षा देऊन तिकीट, म्हणजे प्रमाणपत्र, घ्यावं लागतं. पण मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच: वर माणूस असेल तर खाली असा एक जण हवा, जो त्याला उतरवून आणू शकेल. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर पायात रक्त साचून काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो, अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघता येत नाही. लिफ्ट असेल तर खालून बकेट कशी उतरवायची ते खालच्या माणसाला सकाळीच शिकवा, आणि एकदा करूनही बघा.

दोरखंड:
अगदी. खालच्या माणसाचं आणखी एक काम, दोरी बांधून रस्ता आणि पार्किंग अडवणं. वरचा ओरडला "फांदी!" आणि खालून "हां, सोड" आलं नाही तर काप पुरा करायचा नाही. 108 लागतो की नाही आणि जवळचं हॉस्पिटल कुठलं ते आधी ठरलेलं असावं. झाडावर आग्या मोहोळ असेल तर मशीनच्या आवाजानं उठतं, त्या दिवशी काम बंद.

हिशेबनीस:
विम्याचं राहिलं. माणसं तुमच्या कामावर आहेत, म्हणजे भरपाईची जबाबदारी आधी तुमची. "त्यानं स्वतःहून चढायचं कबूल केलं होतं" असं लिहून घेतलेल्या कागदाला अर्थ नाही. कामगार भरपाईची पॉलिसी घ्या, एजंट तिला अजून डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. घेताना "उंचीवर झाडं कापण्याचं काम" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "माळीकाम" लिहिलं तर दावा अडकतो. गाड्यांसाठी तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी. दोघांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही काढून टाका, बँकेतून वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. पण ती पहिल्या पॉलिसीच्या बदल्यात नाही, जोडीला.

हिरवळ_नाशिक:
अध्यक्षांना आज फोटो दाखवले. आधी चिडले, मग ती चकती बघायला स्वतः खाली आले आणि पहिलं काम म्हणजे झाडाखालची स्वतःची गाडी हलवली. तिथली पार्किंग बंद करायला लावली आहे. उद्यान विभागाचा अर्ज सचिव देतायत, महावितरणचाही. छाटणीचं काम मी घेत नाहीये, लिफ्टवाल्या माणसाला देतोय. मी आणि माझी माणसं खालचं बघू. @दोरखंड, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, पुण्याला येऊन शिकायची तयारी आहे.

एकच शेवटचं. झाड काढायची वेळ आली तर त्याच खड्ड्यात नवीन लावू का? सोसायटीला पुन्हा गुलमोहरच हवाय.

सावली_ताई:
त्याच खड्ड्यात नको. कुजलेल्या मुळांत बुरशी बरीच वर्षं टिकते. बुंधा आणि मोठी मुळं जमतील तेवढी खणून काढा, आणि त्या लाकडाचा भुगा दुसऱ्या झाडांच्या आळ्यात घालू नका. नवीन झाड चार-पाच मीटर सरकवून, तारांपासून लांब. ताम्हण किंवा बहावा लावा. दोन्ही आपल्याकडचे, मध्यम उंचीचे, आणि मेमध्ये फुलतात, तेव्हा रहिवाशांची फुलांची हौसही भागेल. खोडाभोवती मीटरभर तरी फरशी घालू देऊ नका, ते मात्र आत्ताच लेखी घ्या.