पसारा आणि आजार

घर अस्ताव्यस्त म्हणजे लगेच 'होर्डिंग डिसऑर्डर', म्हणजे वस्तू साठवत राहण्याचा मानसिक आजार का? मुळीच नाही. २०१३ च्या डीएसएम-५ पासून (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) हे स्वतंत्र निदान आहे आणि त्याचा गाभा आहे वस्तू टाकून देता न येणं. एका प्रचलित मुलाखतीत पाचच प्रश्न असतात: पसाऱ्यामुळे खोल्या वापरणं किती अवघड होतं, टाकणं किती जड जातं, नको इतकं गोळा होतं का, मनस्ताप किती, रोजच्या कामात अडथळा किती. प्रत्येकी ० ते ८ गुण. १४ किंवा जास्त झाले की नीट तपासायचं. नैराश्य, स्मृतिभ्रंश वगैरे कारणं नाहीत ना, हेही बघावं लागतं.

पण आमच्या आत्याचं घर चकाचक! कारण सून दर रविवारी श्रीखंडाचे रिकामे डबे गुपचूप भंगारवाल्याला द्यायची. घर दुसऱ्याने आवरलेलं असेल तर निदान बाद होत नाही, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक! डॉक्टरांनी मात्र बरोबर विचारलं, "सून दोन महिने माहेरी गेली तर ओट्यावर पोळ्या लाटायला जागा राहील का?" आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पण झाकणं घट्ट बसतात हो त्या डब्यांची."