ऑप्टिमस प्राइमची आजची आवृत्ती: सतत हाताळायला कोणती घ्यावी? (सल्ला हवा)

पाना_पक्कड:
ट्रान्सफॉर्मर्स या ट्रक-रोबो खेळण्यांतला, १९८४च्या मूळ ऑप्टिमस प्राइमसारखा दिसणारा, पण कोपर-गुडघे नीट वाकणारा रोबो हवा आहे. काचेच्या कपाटात ठेवायचा नाही, वरचेवर ट्रक-रोबो, रोबो-ट्रक करायचा आहे. ट्रेलर असला तर उत्तम. एमपी-१०, एमपी-४४ (‘एमपी’ म्हणजे टाकारा टॉमी, पूर्वीची टाकारा, हिची मास्टरपीस मालिका), त्याच कंपनीची मिसिंग लिंक मालिका आणि हॅस्ब्रोचे नेहमीचे मॉडेल यांत गोंधळ उडाला आहे. जुन्या मालातला घ्यावा लागला तर काय तपासावे, हेही सांगा.

रॅचेट:
सतत हाताळायचा असेल तर एमपी-४४ यादीतून काढा. २०१९चे हे मॉडेल रोबो रूपात देखणे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते देखणेपण भरपूर लहान-लहान पत्र्यांच्या (म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तुकड्यांच्या) घड्यांतून आलेले आहे. पातळ पत्रा, त्यात बारीक खाच, आणि ती खाच दर वेळी अचूक बसायला हवी. एक पत्रा अर्धा मिलिमीटर वर राहिला की पुढचे तीन बसत नाहीत, मग माणूस दाबतो आणि कड पांढरी पडते.

एमपी-१० (२०११) तुमच्या कामाचा. घड्या मोजक्या, पत्रे जाड, मुठी मनगटातून आत वळतात, ट्रेलर आणि रोलर (ट्रेलरमधली छोटी गाडी) सोबत येतात. मास्टरपीस मालिकेतल्या नंतरच्या गाड्यांचे प्रमाण याच्याच उंचीवरून धरले गेले, त्यामुळे पुढे शेजारी कुणी उभा करायचा झाला तरी अडचण नाही. २००३चा एमपी-१ कुणी सुचवला तर थांबा. तो जवळजवळ ३० सेंमी उंच, धातू भरपूर आणि तितकाच जड. त्या वजनाखाली वापरलेल्या नगाचे सांधे ढिले पडलेले असण्याची शक्यता जास्त.

डायाक्लोनप्रेमी:
प्रश्नात ‘मूळ रूप’ म्हटले आहे, म्हणून माझे मत मिसिंग लिंकला. एमपी-१० पडद्यावरच्या पात्राकडे झुकतो. मिसिंग लिंक थेट त्या खेळण्याकडे जातो, जे टाकाराने आधी डायाक्लोन मालिकेत बॅटल कॉन्व्हॉय म्हणून काढले आणि १९८४मध्ये हॅस्ब्रोने ऑप्टिमस प्राइम म्हणून विकले. आकार तोच, छातीची ठेवण तीच, फक्त सांधे आजचे. मूळ खेळण्याच्या मुठी सुट्या असायच्या आणि सगळ्यात आधी त्याच हरवायच्या. जुन्या नगांत मुठी आणि बंदूक नसणे हे नेहमीचेच.

मागवताना क्रमांक नीट वाचा. सी-०१ ट्रेलरसह आहे, सी-०२ ट्रेलरविना. तुम्हाला सी-०१ हवा.

रॅचेट:
हे मान्य. फक्त आकार लक्षात ठेवा. मूळ मापाचा रोबो हातात लहान वाटतो. एमपी-१०शेजारी ठेवला तर खांद्यापर्यंतही पोचणार नाही.

पाच_मिमी:
हॅस्ब्रोला एवढ्यात बाद करू नका. २०२०च्या अर्थराइज मालिकेतला लीडर श्रेणीचा (श्रेणी म्हणजे मापाचा गट) प्राइम ट्रेलरसकट येतो, जवळजवळ सगळा प्लास्टिकचा आहे. हातात शस्त्र धरायची भोके ५ मिमीची, म्हणजे दुसऱ्या रोबोची शस्त्रेही बसतात. आठ वर्षांपुढच्या मुलाच्या हातात द्यायचा असेल तर मी डोळे झाकून हाच सांगेन. मास्टरपीस मोठ्यांसाठीच बनवतात. त्याहून मोठा आणि तपशीलवार हवा असेल तर २०२४चा स्टुडिओ सिरीज ८६, कमांडर श्रेणी, हाही ट्रेलरसह. आणि नुसते हाताला चाळवायला काही हवे असेल तर किंगडम मालिकेतला कोअर श्रेणीचा प्राइम, साधारण ९ सेंमी. इतक्या लहान मापात घड्या इतक्या स्वच्छ बसवलेले मॉडेल क्वचित सापडते.

पाना_पक्कड:
सगळ्यांचे आभार. एमपी-१० आणि सी-०१ एवढेच ठेवतो. जुना एमपी-१० मिळाला तर तपासायचे काय? आणि स्वतःहून बदलणारा जो रोबो आहे, त्याबद्दल कुणी लिहिले नाही.

पिनठोक्या:
आधी नक्कल ओळखा. एमपी-१०च्या नकला फार आहेत, काही तर मुद्दाम मोठ्या मापात काढलेल्या. टाकारा टॉमीचा कोरीव शिक्का कुठे आहे, हे विकणाऱ्याकडून जवळच्या फोटोत मागवा. शिक्का नाही, पिनांची डोकी बाहेर आलेली, रंगाच्या कडा ओघळलेल्या, असे दिसले की सोडून द्या.

मग छातीच्या काचा. पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असते आणि धातूची पिन त्यातून गेली की भोकाभोवती सतत ताण राहतो. फोटो मोठा करून भोकापासून निघणारी केसासारखी रेघ शोधा. रेघ दिसली तर तो भाग पुढेमागे तुटणारच, तो नग नको. रंगीत प्लास्टिकवर नुसती पांढरी छटा असेल तर निभावते, तिथून पुढे जोर द्यायचा नाही एवढेच.

विकणाऱ्याकडून एक व्हिडिओही मागा: रोबो एका पायावर उभा, हात आडवे. खांदे खाली आले तर सांधा ढिला. पण ढिला सांधा हे घासाघीस करायचे कारण आहे, नाकारायचे नाही. तो दुरुस्त होतो.

रॅचेट:
दुरुस्तीचे पुरते लिहितो, कारण इथे घाईत नुकसान होते. सांधा कुठल्या जातीचा ते आधी पाहा. गोळी-वाटीचा सांधा असेल तर गोळी बाहेर काढून तिच्यावर पारदर्शक अॅक्रिलिक फ्लोअर पॉलिशचा एक पातळ हात द्या, २४ तास वाळू द्या, मग बसवून बघा. कमी पडले तरच दुसरा हात. सुपरग्लूने काम लवकर होते, पण त्याची वाफ काचांवर आणि क्रोमवर पांढरी बसते आणि निघत नाही.

टकटक आवाज करणारा रॅचेट सांधा असेल तर पॉलिशने काहीही होत नाही. तिथे स्प्रिंग किंवा स्क्रू बघावा लागतो. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, बारीक ‘टक’ जाणवली की जुनी आटी सापडली, मग सुलटा. थेट सुलटा पिळलात तर प्लास्टिकमध्ये नवी आटी कापली जाते आणि दोनतीनदा उघडल्यावर स्क्रू नुसता फिरत राहतो.

उलट सांधा घट्ट असेल तर सिलिकॉनचे वंगण, टाचणीच्या टोकावर मावेल एवढेच. गंजलेल्या बिजागरीला मारतात तो पेट्रोलियमचा स्प्रे नको. ताणाखालचे पारदर्शक प्लास्टिक त्याने तडकू शकते.

पिनठोक्या:
सांधा उघडायला पिन काढावी लागली तर काय, याची भर घालतो. पिनेच्या एका टोकाला बारीक उभ्या खाचा असतात, दुसरे गुळगुळीत. ठोकायचे गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे खाचांचे टोक आधी बाहेर येते. उलट ठोकलीत तर खाचा पूर्ण भोकातून ओढल्या जातात, भोक रुंदावते आणि पिन पुन्हा धरत नाही. खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पोकळ भाग अधांतरी नको.

डायाक्लोनप्रेमी:
क्रोम असलेल्या भागांना अल्कोहोल लावू नका, थर निघतो. किंचित ओला मऊ कपडा पुरे. रबरी टायर महिनोन् महिने प्लास्टिकला चिकटून राहिले तर रबरातला तेलकट अंश उतरतो आणि खाली कायमचा डाग खातो. ट्रेलर गुंडाळताना चाकाखाली कागद घाला.

पाच_मिमी:
स्वतःहून बदलणारा म्हणजे रोबोसेनचा फ्लॅगशिप ऑप्टिमस, २०२१चा. उंची सुमारे ४८ सेंमी, आत सांधे हलवणाऱ्या २७ सर्व्हो मोटारी, तोंडी आज्ञेवर किंवा फोनवरून ट्रक होतो, चालतो. यंत्र म्हणून कौतुकास्पद आहे, पण तुमची गरज हाताने बदलण्याची आहे आणि याच्याशी नेमके तेच करायचे नसते. चालू असताना सांधा हाताने वळवला तर सर्व्होच्या गिअरवर भार येतो. सपाट, कडक पृष्ठभागच लागतो, गालिच्यावर पाऊल अडकून पडतो. कुणाला घ्यायचाच असेल तर नाव दोनदा वाचावे: त्याच कंपनीचा ‘इलाइट’ ऑप्टिमस ट्रक होत नाही.

पाना_पक्कड:
मग नवा सी-०१ आधी, एमपी-१० चांगला सापडेल तेव्हा. सी-०१ आल्यावर पहिल्यांदा बदलताना काही विशेष?

डायाक्लोनप्रेमी:
पेटीतून काढल्यावर लगेच ट्रक करू नका. आधी प्रत्येक सांधा दोन्ही बाजूंना थोडाथोडा हलवून घ्या, नव्या रंगाने सांधे चिकटलेले असतात. खोली थंड असेल तर रोबो तासभर उबदार जागी ठेवा, गार प्लास्टिक वाकण्याआधी मोडते. धातूच्या भागाची कड दुसऱ्या रंगवलेल्या भागावरून सरकत असेल तिथे मध्ये कागदाची पट्टी धरा, रंग पहिल्यांदा तिथेच उडतो.

रॅचेट:
आणि कुठे जोर लागला तर दाबू नका. दोन पायऱ्या मागे जा. बहुतेक वेळा आधीचा एखादा भाग शेवटपर्यंत वळलेला नसतो.