मदत हवी आहे: जुन्या ट्रकचं इंजिन पाण्याने धुवू का?

मंडळी, जुना डिझेल ट्रक आहे, बोनेट उघडलं की सगळं काळंकुट्ट, टॅपेट कव्हरखाली (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) ऑइल आणि धुळीचा असा थर बसलाय की स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर खपली निघते, त्यामुळे लीकेज नेमकं कुठून आहे तेच कळत नाही. चकाचक दिसावं म्हणून नाही, त्यासाठी धुवायचंय.

विचार असा आहे की इंजिन नीट गार होऊ द्यायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स आणि एअर क्लीनरचं तोंड पिशवीने घट्ट बांधायचं, मग डिग्रीजर (तेलकट मळ सोडवणारं लिक्विड) मारून ब्रशने घासायचं आणि साध्या पाइपने हळू पाणी सोडायचं. प्रेशर वॉशर नकोच, वायरिंगचं इन्सुलेशन आधीच कडक होऊन तडकलंय.

पण स्टार्टर खाली आहे, सगळं पाणी तिकडेच उतरणार, तो कसा झाकता तुम्ही? डिझेल पंपाजवळ पाणी चालतं की तिथे नुसतं फडकं मारायचं? आणि फॅन बेल्टवर डिग्रीजर उडला तर बेल्ट घसरतो का? धुतल्यावर लगेच स्टार्ट करून सुकवायचं की रात्रभर तसंच ठेवायचं, यावर तर प्रत्येक मेकॅनिक वेगळंच सांगतो. ज्यांनी स्वतः हात काळे केलेत त्यांनी सांगा प्लीज.