हिरोशिगेचा पाऊस

कुणीतरी म्हटलंय की जपानी चित्रकार हिरोशिगेच्या ‘शिन-ओहाशी पुलावरची अवचित सर’ या लाकडी ठोकळ्यांनी छापलेल्या चित्रातला पाऊस म्हणजे नुसत्या काळ्या रेघा. अहो, पण त्या रेघा काढलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत! चेरीच्या टणक लाकडावर केसाएवढी रेघ उंच ठेवायची आणि भोवतालचं सगळं लाकूड खरवडून काढायचं. एक रेघ तुटली तरी पंचाईत. शिवाय सरी एकाच कोनात नाहीत, दोन दिशांनी एकमेकींना छेदतात, म्हणून तर पाऊस हलल्यासारखा वाटतो.

माथ्यावरचा काळा ढग मला जास्त आवडतो. ओल्या ठोकळ्यावर शाई हातानं पुसत विरळ करायची, याला ‘बोकाशी’ म्हणतात. त्यामुळे प्रत्येक प्रतीतला ढग थोडा वेगळा उतरतो.

हे चित्र १८५७चं, ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेतलं; एदो म्हणजे आजचं टोकियो. (शंभर नुसती नावाला, आहेत त्याहून जास्त.) पुढच्याच वर्षी हिरोशिगे गेला. कोरणारे आणि छापणारे कारागीर वेगळे असत, त्यांना मात्र कुणी विचारत नाही.

डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८७मध्ये याची तैलरंगात नक्कल केली. रंग भडक, पाणी खवळलेलं. छान आहे, पण भिजायला होतं ते मूळ चित्रातच.