'जी-एल'ने सुरू होणारे लखलखते शब्द : ग्लीम, ग्लिसन, ग्लिंट, ग्लिमर यांना मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल :
मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करते आहे. एकाच परिच्छेदात मांजराचे डोळे 'ग्लीम' करतात, पावसात भिजलेली पानं 'ग्लिसन' करतात, कोयत्याच्या पात्यावर 'ग्लिंट' दिसते आणि लांबच्या खोपटात दिव्याचा 'ग्लिमर'. चारही शब्द जी-एलचे, आणि ते मुद्दाम ओळीने ठेवलेत हे मोठ्याने वाचताना लगेच कळतं. मी अनुक्रमे लकाकणे, चकाकणे, लखकन चमकणे आणि मिणमिणणे वापरलं. संपादकांनी 'लकाकले' खोडलं. त्यांचं म्हणणं, लकाकतात ती भांडी, डोळे नव्हेत. आमच्या घरात तर 'खाऊ बघितल्यावर कसे डोळे लकाकले बघ' हे रोजचं वाक्य. तुमच्याकडे काय लकाकतं? आणि ग्लिसनला चकाकणे चालेल का?

तिसरा प्रहर :
डोळे लकाकतातच, त्यात शंका नको. भांडी चकाकतात, फार तर लखलखतात.
ग्लिसनला चकाकणे मात्र नको. ग्लिसनमध्ये ओल आहे. घामेजलेलं कपाळ, दव पडलेलं गवत, तेल चोपडलेलं अंग हे सगळं ग्लिसन. चकाकतं ते घासूनपुसून कोरडं केलेलं. 'पावसाने धुऊन पानं तकतकत होती' असं करून बघा.

करवंद :
ग्लिमरला मिणमिणणे वाचून जीव हळहळला! मिणमिणता दिवा म्हणजे तेल संपत आलेला, काजळी धरलेला. त्यात दैन्य आहे. ग्लिमर अंधुक असला तरी बघणाऱ्याला धीर देतो, म्हणून तर इंग्रजीत आशेचाही ग्लिमर असतो. लांबच्या दिव्याला 'लुकलुकणे' घ्या.

पाटीपेन्सिल :
@करवंद, पण लुकलुकण्यात उघडझाप आहे ना? काजवा लुकलुकतो, तारा लुकलुकतो. खोपटातला दिवा स्थिर आहे.

करवंद :
लांबून बघा, मध्ये झाडांची पानं हलतात. लुकलुकतोच तो.

जुनी वही :
जी-एलची ही रांग योगायोगाची नाही. ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लेअर, ग्लो : सुरुवातीचा ध्वनी एक आणि अर्थाची छटाही एकाच घरची. अशा जोडीसाठी जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये 'फोनेस्थीम' ही संज्ञा आणली. दुसरं ठळक उदाहरण एस-एनचं. स्नीझ, स्निफ, स्नोर, स्नाउट, स्नॉट, सगळे नाकाशी बांधलेले.
पण याचा नियम करू नका. ग्लव्ह हातमोजा, ग्लू डिंक, ग्लटन खादाड, ग्लोब गोल. यांत प्रकाशाचा कणही नाही. ग्लूम तर थेट काळोखी. ग्लेशियर उन्हात झळाळत असेल, पण शब्द आलाय बर्फाच्या लॅटिन शब्दावरून. ग्लॉस दोन आहेत. एक तकाकी, दुसरा ग्रीक 'जीभ' या शब्दातून आलेला, म्हणजे कठीण शब्दावरची टीप. शब्दसूचीला ग्लॉसरी म्हणतात ते त्यावरून. आणि ग्लॅमर हे चक्क ग्रामरचं स्कॉटलंडमधलं बदललेलं रूप! शिकलेल्या माणसाला जादूटोणा येतो असा समज होता, त्यातून 'मोहिनी' हा अर्थ आला.

घाटावरचा :
आपल्याकडे हेच 'झ' आणि 'ल' करतात की. झळकणे, झळाळणे, झगमगणे, झकपक. लकाकणे, लखलखणे, लुकलुकणे, लख्ख. पाटीपेन्सिल, जी-एलची रांग राखायची असेल तर चारही क्रियापदं 'ल'ची घ्या, अर्थ थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. मुलं आधी कानाने वाचतात.

तिसरा प्रहर :
अर्थ इकडेतिकडे झालेला अजिबात चालणार नाही. ओलं पान लखलखलं की ते पान राहत नाही, पितळ होतं.

जुनी वही :
अजून एक. ग्लो, ग्लीम, ग्लास, गोल्ड, यलो हे शब्द भाषाशास्त्रज्ञ एका प्राचीन मुळाशी नेतात. त्याच मुळातून संस्कृतात हरि, हरित, हिरण्य आले. हरिद्रेची झाली हळद. म्हणजे ग्लो आणि हळद चुलत भावंडं.

आडवाट :
@जुनी वही, मूळ दाखवलंत ते ठीक, पण ग्लिटर आणि ग्लिंट आज कानाला चमकदार वाटतात ते त्या मुळामुळे नव्हे, शेजाऱ्यांमुळे. पाच शब्द चमकले की सहावाही त्यांच्यात ओढला जातो. झगमग आणि लखलख यांना कुठलं मूळ लावणार? हे कानाने घडवलेले शब्द आहेत, संस्कृताचा दाखला मागू नये त्यांना.

उंबरठा :
मला वेगळंच खटकतं. 'चेहऱ्यावर काय ग्लो आलाय!' हे आता लग्नघरातल्या आत्या-मावश्याही म्हणतात. तेज, तजेला, कांती, तुकतुकी एवढी श्रीमंती असताना ग्लो कशाला? शब्द वापरात राहिला तरच जगतो.

घाटावरचा :
तेज साधूला, तजेला झोप झालेल्याला. हळद लागलेल्या नवरीचं जे दिसतं त्याला बायकांनी ग्लो निवडलाय. वापरू द्या की.

उंबरठा :
'हळदीचं तेज' म्हणत होत्या आमच्याकडे. साधू कुठून आला मध्ये? 'अंगावर तेज चढलं' हे गरोदर बाईला सर्रास म्हटलं जातं.

आडवाट :
परक्या शब्दाचंच वावडं असेल तर झिलईही सोडावी लागेल, ती अरबी 'जिला'ची. दागिन्यांना झिलई देणाऱ्या सोनाराला हे कुणी सांगायला जात नाही.

उंबरठा :
झिलई आली तेव्हा तिच्यामुळे एखादी छटा वाढली. ग्लो चार छटा गिळतोय. माझी तक्रार परकेपणाची नाही, सपाटीकरणाची आहे. पाटीपेन्सिलचा सगळा प्रश्न छटांचाच आहे ना?

तिसरा प्रहर :
हे मात्र पटलं. आणि जळत्या निखाऱ्याचा ग्लो कुणीच घेतला नाही. ज्वाळ नाही, नुसती आतली लाली. आमच्याकडे 'रसरसलेला निखारा' म्हणतात. तिथे तेज, कांती काहीच बसत नाही.

करवंद :
आमच्याकडे निखारा 'फुलतो'. रसरसतात ती फळं.

पाटीपेन्सिल :
'तकतकत होती' घेते आहे, खोपटातल्या दिव्याला लुकलुकणेच घेईन. पण डोळ्यांवर संपादक अडून आहेत. डोळे लकाकल्याचं जुनं छापील वाक्य कुणाकडे आहे का?

करवंद :
@तिसरा प्रहर, तुमच्याकडे वांगी तकतकीत की तुकतुकीत? मी त्वचेला तुकतुकीत आणि वांग्याला तकतकीत म्हणते, घरात कुणालाच मान्य नाही.

तिसरा प्रहर :
वांगी तुकतुकीत. तकतकीत कापड.